जुना हात की नवा हात?

२०१७ च्या एप्रिल-मे महिन्यात पुण्यात उकाड्याइतकीच चर्चा होती ती 'रायझिंग पुणे सुपरजायंट' या आयपीएल संघाची. मोसम सुरू होण्याआधीच महेंद्रसिंग धोनीकडून कर्णधारपद काढून ते स्टीव्ह स्मिथला दिलं गेलं होतं. धोनी ३५ वर्षांचा, स्मिथ २७ चा. यावरून शहरातल्या कट्ट्यांवर उभे दोन तट पडले. त्या गदारोळात दुसरा, शास्त्राच्या दृष्टीनं कितीतरी जास्त रंजक असलेला बदल थोडा झाकला गेला. रविचंद्रन अश्विन हा संघाचा भरवशाचा ऑफस्पिनर स्पोर्ट्स हर्नियामुळे पूर्ण मोसमाला मुकला आणि त्याच्या जागी वॉशिंग्टन सुंदर नावाचा अवघा १७ वर्षांचा मुलगा आला. तोही ऑफस्पिनर, तोही तमिळनाडूचा.

१६ मे रोजी वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्धच्या पात्रता सामन्यात या मुलानं १६ धावांत ३ बळी घेतले. रोहित शर्मा, अंबाती रायुडू आणि कायरन पोलार्ड. सामन्याचा मानकरीही तोच ठरला. पाच दिवसांनी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात त्यानं चार षटकांत फक्त १३ धावा दिल्या. पुणे तो सामना एका धावेनं हरलं, हे पुणेकरांना अजून बोचतं. पण शेवटच्या षटकात ११ धावा हव्या असताना मुंबईनं चेंडू कुणाच्या हाती दिला होता, हे आठवून पाहा. ३५ वर्षांच्या मिचेल जॉन्सनच्या. म्हणजे एकाच सामन्यात १७ वर्षांचा पोरगाही चोख वागला आणि ३५ वर्षांचा गडीही. मग निवडायचं कुणाला?

हा प्रश्न फक्त क्रिकेटचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. संघाचं सगळं आक्रमण त्याच्या डोक्यातून आणि खांद्यातून चालतं, आणि एका वेळी एकच जण ती जागा घेऊ शकतो. त्यामुळे तिथे 'जुना की नवा' हा वाद दरवर्षी रंगतो. २००१ मध्ये ड्र्यू ब्लेडसो या अनुभवी क्वार्टरबॅकच्या छातीत मार बसून रक्तस्राव झाला, म्हणून २४ वर्षांच्या टॉम ब्रेडीला उतरवलं गेलं. त्यानं त्याच मोसमात विजेतेपद आणलं आणि ब्लेडसोला ती जागा परत मिळाली नाही. हाच ब्रेडी २०२१ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी पुन्हा विजेता ठरला. नव्याची बाजू घेणाऱ्यांनाही हेच उदाहरण, जुन्याची बाजू घेणाऱ्यांनाही हेच.

शरीरशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांनी या वादात बरीच भर घातली आहे, आणि त्यातली काही निरीक्षणं आपल्या समजुतीच्या उलटी आहेत.

पहिली समजूत अशी की, मोठ्या खेळाडूंची नजर आणि चपळाई जन्मतःच वेगळी असते. ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. टप्पा पडल्यानंतर हातात उरतो जेमतेम ०.२ सेकंद. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिऑड यांनी १९८७ मध्ये एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मॅटिंगच्या खाली लाकडी दांडे ठेवले, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल याचा कुणालाच अंदाज येऊ नये. मग आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना खेळायला लावलं. अचानक वळलेल्या चेंडूवर बॅट वळवायला त्यांना सुमारे ०.२ सेकंदच लागले. तुम्हाआम्हाला लागतात तितकेच.

मग फरक पडतो कुठे? चेंडू हातातून सुटण्याआधी. गोलंदाजाचं मनगट, दंड, खांदा यांची ठेवण पाहून कसलेला फलंदाज चेंडूचा अंदाज बांधतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोलंदाजीची चित्रफीत चेंडू सुटायच्या क्षणाआधीच तोडून दाखवली आणि 'आता काय येणार?' असं विचारलं. मुरलेल्या फलंदाजांना त्या अर्ध्यामुर्ध्या दृश्यातूनही पुष्कळ कळत होतं, नवख्यांना नाही. मॅक्लिऑड आणि मायकेल लँड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा दिसलं की फलंदाज चेंडूचा सतत पाठलाग करतच नाही. चेंडू सुटताना तो पाहतो आणि मग नजर झटकन टप्पा पडेल त्या जागी आधीच जाऊन थांबते. जितका फलंदाज चांगला, तितकी ही उडी लवकर.

बुद्धिबळातही हेच आढळलं होतं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवणीनं मांडायला सांगितला. खऱ्या डावातली मांडणी असेल तर मातब्बर खेळाडू ती सहज मांडत. सोंगट्या कशाही विखुरल्या, की त्यांची आघाडी जवळपास संपत असे. म्हणजे अनुभव ही स्मरणशक्ती नव्हे. पाहिलेल्या हजारो आकृत्यांचा तो साठा असतो आणि त्या आकृत्या पुन्हा समोर आल्या तरच तो कामी येतो. टी-२० मध्ये एखादा अगदीच नवा गोलंदाज पहिल्या काही सामन्यांत सगळ्यांना चकवतो, त्यामागे हेच आहे. समोरच्या अनुभवी फलंदाजाच्या साठ्यात त्याची आकृतीच नसते. दुसऱ्या मोसमापर्यंत ती जमा होते, आणि मग कौतुक करणारेच म्हणू लागतात, 'डोक्यात हवा गेली.' हवा वगैरे काही नसतं बहुतेक वेळा.

आता वयाची दुसरी बाजू. निव्वळ चपळाई विशीतच उतरणीला लागते. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट-२' या संगणकावरच्या युद्धखेळाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. वयं १६ ते ४४. समोर नवं काही दिसल्यापासून पहिली कृती करण्यापर्यंतचा वेळ वयाच्या २४ व्या वर्षापासून वाढत गेलेला दिसला. चोविसाव्या वर्षी म्हातारपण! पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की मोठ्या वयाचे खेळाडू ही उणीव साध्या, सोप्या चाली आणि खेळातल्या सोयी वापरून भरून काढतात. जे काम दहा हालचालींत होतं, ते ते सहा हालचालींत उरकतात.

म्हणून जागा कोणती, हे महत्त्वाचं. वेगवान गोलंदाजी, कबड्डीतली चढाई, धावण्याच्या शर्यती यांत जोर लागतो तो स्नायूंमधल्या झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंचा, आणि वयानुसार आधी कमी होतात ते हेच तंतू. फिरकी गोलंदाजी, यष्टिरक्षण, संघ हाकणं यांत साठ्याची किंमत जास्त. श्रीलंकेचा रंगना हेरथ पस्तिशी ओलांडल्यावर अधिक घातक झाला, तो याचमुळे. इंग्लंडचा जेम्स अँडरसन वेगवान गोलंदाज असूनही ४१ व्या वर्षापर्यंत कसोटी खेळला आणि ७०४ बळी घेऊन थांबला, पण तो अपवाद आहे. अशा अपवादांमुळेच आपली गफलत होते. चाळिशीत खेळणारे जे दोन-चार जण आपल्याला दिसतात, ते चाळणीतून उरलेले. बाकीचे बत्तीस-तेहतिशीतच घरी बसलेले असतात आणि 'वयाचा काही परिणाम होत नाही' असं म्हणताना ते आपल्या हिशेबात येत नाहीत.

अनुभवी शरीराची खरी अडचण ताकदीपेक्षा भरून येण्याची असते. मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत होण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींत दोन सर्वांत ठळक आहेत. वाढतं वय आणि त्याच जागी आधी झालेली दुखापत. अश्विनचं उदाहरण घ्या. २०१६-१७ च्या मोसमात भारत मायदेशी १३ कसोटी सामने खेळला आणि अश्विन त्या तेराही सामन्यांत होता. त्यातला एक आपल्या गहुंजेच्या मैदानावरचा, पुण्याची पहिलीवहिली कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं १२ बळी घेऊन ती तीन दिवसांत संपवली. स्पोर्ट्स हर्निया हा नेहमीचा हर्निया नव्हे. त्यात आतडं बाहेर येत नाही. ओटीपोटाचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जिथे जांघेतल्या हाडाला जोडलेले असतात, तिथल्या ऊती वारंवारच्या ताणानं फाटतात. ऑफस्पिनर पुढच्या पायावर वळतो आणि कंबर फिरवतो. दिवसाला तीस षटकं टाकली तर हे १८० वेळा. वरवर निवांत दिसणारी ही गोलंदाजी जांघेला निवांत नसते.

मग तरुणांनाच घ्यावं? इथे शरीर उलट्या बाजूनं इशारा देतं, आणि पालकांनी जरा थांबून वाचावं असा भाग हाच आहे. कुमारवयीन वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं पडणारी बारीक चीर, मोठ्या प्रमाणावर आढळते. उंची झपाट्यानं वाढत असते, पण हाडात खनिजं भरून ते पक्कं व्हायला विशीपर्यंतचा, कधी त्यापुढचाही काळ लागतो. चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यातून वर जातो, आणि त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकलेली असते. चीर बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला पडते. उजव्या हातानं टाकणाऱ्या मुलाची डावीकडची कंबर दुखत असेल, मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर 'स्प्रे मार आणि टाक' हा सल्ला चुकीचा. वेळीच थांबलं तर बहुतेक चिरा भरतात, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. रेटून खेळलं तर चीर आरपार जाते.

सुंदर फिरकी टाकत होता, त्यामुळे त्याच्या कंबरेवर हा भार कमी होता. तेच एखाद्या १७ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला त्या उन्हाळ्यात दर तीन दिवसांनी खेळवलं असतं, तर तो निर्णय मी धाडसी म्हटला नसता, बेफिकीर म्हटला असता.

पुण्याच्या मैदानांवर शाळकरी वयात जी निवड होते, तिच्यात आणखी एक खोट असते. १३-१४ वर्षांच्या दोन मुलांत जन्मतारीख एकच असली तरी हाडांचं वय दोन-दोन वर्षांनी वेगळं असू शकतं. ज्याला मिसरूड आधी फुटलं, त्याचा चेंडू आधी वेगात जातो, आणि प्रशिक्षक त्याला 'गुणी' म्हणतात. क्रिकेट नियामक मंडळ वयोगटांच्या स्पर्धांसाठी डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतं. ही 'टीडब्ल्यू-३' पद्धत वय चोरणाऱ्यांना पकडण्यासाठी वापरतात. पण तिच्यातून निघणारी माहिती उशिरा वाढणाऱ्या मुलांना धीर द्यायलाही तितकीच उपयोगी आहे, आणि त्यासाठी ती कुणी फारशी वापरत नाही.

वयाचं आणि नवखेपणाचं गणित एक नाही, हेही इथे सांगायला हवं. पुण्याच्या राहुल त्रिपाठीनं २०१७ मध्ये आयपीएल पदार्पण केलं आणि ईडन गार्डन्सवर ५२ चेंडूंत ९३ धावा कुटल्या, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. केदार जाधव भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला तो २९ व्या वर्षी. जानेवारी २०१७ मध्ये गहुंजेत इंग्लंडविरुद्ध ४ बाद ६३ अशी अवस्था असताना त्यानं ७६ चेंडूंत १२० धावा केल्या आणि ३५१ चं लक्ष्य गाठून दिलं. मुंबईचा प्रवीण तांबे तर आयपीएलमध्ये आला तोच ४१ व्या वर्षी. ही माणसं मोठ्या मंचावर नवखी होती, पण स्थानिक क्रिकेटच्या धुळीत त्यांचा साठा भरत होता. ज्याचं शरीर तरुण आणि साठा भरलेला, असा खेळाडू मिळण्याचा काळ छोटा असतो. बऱ्याच खेळांत तो पंचविशी ते तिशीचा.

कबड्डीत हा काळ आणखी अलीकडे येतो. पुणेरी पलटण २०२२ च्या डिसेंबरमध्ये फजल अत्राचली या अनुभवी इराणी कर्णधाराच्या हाताखाली अंतिम सामना हरली. पुढच्या मोसमात संघानं त्याला सोडलं, सूत्रं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरुण अस्लम इनामदारकडे दिली आणि १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

हे वाचून 'बघा, तरुणच बरे' असं म्हणण्याचा मोह होईल. संख्याशास्त्र त्याला आवर घालतं. नवख्याबद्दल आपल्याकडे माहितीच थोडी असते. पाच चांगले सामने म्हणजे गुण किती आणि नशीब किती, हे पाच सामन्यांतून कळत नाही. पण या अनिश्चिततेलाही किंमत आहे. पुण्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसानं रोज वेगळ्या ठिकाणची मिसळ खाऊन पाहावी, कारण चांगली जागा सापडली तर पुढची दहा वर्षं तिचा फायदा. ज्याची उद्या सकाळी परतीची गाडी आहे, त्यानं मात्र माहीत असलेल्या दुकानातच जावं. शोधणं आणि वापरणं यांतली ही ओढाताण गणितज्ञांनी सूत्रांत मांडली आहे आणि तिचं सार वेळेत आहे. पुढे किती काळ उरलाय? मोसमाच्या सुरुवातीला नव्याला संधी द्यावी, अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात जॉन्सनला. रायझिंग पुणेला सुरुवातीपासून दोनच मोसमांची मुदत होती. तरी त्यांनी १७ वर्षांचा मुलगा घेतला, याला धाडस म्हणायचं की नाइलाज, यावर वाद घालता येईल.

अश्विन आणि सुंदर यांची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला पाठ आखडलेली असताना अश्विननं तासन्‌तास किल्ला लढवून सामना वाचवला. त्या पाठीमुळेच पुढच्या ब्रिस्बेन कसोटीत तो खेळू शकला नाही. जागा मिळाली पुन्हा सुंदरला. २०१७ नंतर तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नव्हता आणि दौऱ्यावर नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबला होता. त्यानं पहिल्या डावात ३ बळी घेतले, ६२ धावा केल्या, आणि भारतानं ती कसोटी व मालिका जिंकली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीसाठी दोघं गहुंजेला आले, या वेळी एकाच संघात. अश्विन ३८ वर्षांचा होता. महिनाभरापूर्वीच चेन्नईत बांगलादेशविरुद्ध त्यानं शतक ठोकून एका डावात सहा बळी घेतले होते, तेव्हा त्याला संपला म्हणायची कुणाची छाती नव्हती. सुंदर २५ चा. मूळ संघात त्याचं नावही नव्हतं. पुण्यातल्या पहिल्या डावात न्यूझीलंडचे पहिले तीन बळी अश्विननं घेतले, उरलेले सात सुंदरनं, ५९ धावांत. सामन्यात त्याचे ११ बळी झाले. भारत तरीही ११३ धावांनी हरला आणि मायदेशी १२ वर्षांनी मालिका गमावली, कारण समोर मिचेल सँटनरनं १३ बळी घेतले होते. त्या मालिकेत अश्विनचे तीन कसोटींत ९ बळी, सुंदरचे दोन कसोटींत १६.

तीन कसोटी हा छोटा नमुना आहे. एरवी एखादा संख्याशास्त्रज्ञ म्हणाला असता, थांबा, अजून पाहू. पण ३८ व्या वर्षी 'अजून पाहू' म्हणायला निवड समितीकडे वेळ नसतो आणि खेळाडूकडेही. नोव्हेंबरमध्ये पर्थच्या कसोटीत संघानं सुंदरला निवडलं. अ‍ॅडलेडला अश्विन परत आला, ब्रिस्बेनला पुन्हा बाहेर बसला. १८ डिसेंबर रोजी ती कसोटी अनिर्णित संपली आणि अश्विननं पत्रकारांसमोर येऊन निवृत्ती जाहीर केली. खात्यावर ५३७ कसोटी बळी होते.